बोटभर दुमड

बायको आंघोळीला गेली तसा शिंप्याने तिचा निळा झगा मांडीवर ओढला. खालची दुमड उसवली, कापड बोटभर वर घेतलं आणि भराभर तुरपाई केली.

कापड धुण्यात आटतं, लांबत मात्र नाही. तरी हल्ली तिचे सगळे झगे घरात जमिनीवर लोळायला लागले होते. ती उंचीला कमी होतेय, हे न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आरशापुढे ढसाढसा रडली होती. त्याने तिचे सगळे कपडे नव्याने बेतले होते आणि ठरवलं होतं, की यापुढे कुठल्याही कपड्यापायी हिच्या डोळ्यांत पाणी येता कामा नये. भाबडा माणूस! हातात सुई होती, तेवढ्यावरच लढत होता.

दुपारी दोघं तपासणीला गेली.

"कॅन्सर परत येऊ नये म्हणून तुमची गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याने हाडं ठिसूळ होतात. पाठ दुखते? कपडे लांब व्हायला लागलेत का?"

"पाठ काय, जराशी. आणि कपडे उलट आखूडच होतात! घराबाहेर पडलं की घोटे उघडे. नवरा शिंपी असून ही तऱ्हा," ती हसत म्हणाली.

डॉक्टरीणबाईही हसल्या आणि पुढचा प्रश्न विचारायला लागल्या. शिंपी खुर्चीत पुढे सरकला.

"थांबा," तो म्हणाला. "झगे मी वर घेतोय. गुपचूप. हिला कळू नये म्हणून."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली.

"बरं झालं बोललात. मणके दबले की उंची कमी होते. बूट काढा, माप घेऊ."

"राहू द्या ना. मला वाकवत नाही," ती घाईघाईने म्हणाली.

शिंपी खाली बसला. त्याने तिच्या बुटांचे बंद सोडले. आत, टाचेखाली, कोटाच्या खांद्यात भरायच्या गाद्या एकावर एक बसवलेल्या होत्या. त्याच्याच दुकानातल्या.

"हे काय गं?"

"ऑपरेशनच्या वेळी तुम्ही अन्न सोडलं होतं," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, पुन्हा ते नको."

त्याला वर बघवेना. तिचा पाय त्याने तसाच हातात धरून ठेवला.

ती अनवाणी भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, मागच्या मापाशी ताडून पाहिलं. उंची घटली होती.

"गोळी बंद करणार?" तिने विचारलं.

"नाही, गोळी चालूच ठेवायची. पाठीचा एक्स-रे काढू, आणि हाडांना बळ देणारं इंजेक्शन असतं, ते सुरू करता येईल. पण तुमच्या या लपाछपीत मी फसले होते हं!"

बाहेर आल्यावर ती त्याच्याशेजारी उभी राहिली. गाद्या आता त्याच्या खिशात होत्या.

"अहो, माझ्याशी बोलायला यापुढे तुम्हाला वाकावं लागणार."

"मग? जन्मभर मशीनवर वाकूनच बसलोय की," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी वाकला.