मागणी असलेलं पुस्तक

ग्रंथपाल आनंदीबाईंनी परतीच्या तारखेचा शिक्का उमटवला आणि पुस्तक हौसापुढे सरकवलं. हौसाला वाचता येत नव्हतं. पण पुस्तक तिच्या नवऱ्याने लिहिलेलं होतं आणि नात वाचून दाखवणार होती.

महिपतने मरताना मागे ठेवलं ते एवढंच. कारखाना आल्यापासून खाडीतला कोणता मासा कधी शेवटचा दिसला, ते त्याने त्याच कारखान्यात पाळ्या करता करता लिहून ठेवलं होतं. चिपळुणात छापलेल्या प्रती पुरात गेल्या. वाचनालयाची तेवढी उरली. सहा वर्षांत ती कुणी नेली नव्हती. मग कारखान्याने वाचनालयाला पंखे दिले, आणि अध्यक्ष सुजयरावांना ती प्रत, न उघडताच, जीर्ण वाटू लागली. जीर्ण पुस्तकांची यादी दहा तारखेच्या सभेत मंजूर झाली की पुस्तकं रद्दीत.

पण वाचकाकडे असलेलं पुस्तक रद्द करता येत नाही, असा वाचनालयाचा नियम होता. नियम आनंदीबाईंना पाठ होते. त्यांचा उपयोगही असतो हे आत्ता कळत होतं. आता हौसाला एवढंच सांगायचं, की हे परत आणू नका. त्यांनी तोंड उघडलं.

“वेळेवर परत आणा हां.”

एकतीस वर्षांची सवय बोलून गेली. तारीख पंधराची होती, सभा दहाची, म्हणून त्यांनी शब्द फिरवला नाही. मग अध्यक्षांच्या नात्यात मुंबईला लग्न निघालं आणि सभा पंधरावर गेली.

सभेत नव्या पंख्यांखाली चहा झाला. यादीत महिपतच्या पुस्तकापुढे ‘वाचकाकडे’ असा शेरा होता. अध्यक्ष चष्मा पुसत तो बघत होते, तोच हौसा दाराशी चपला काढून आत आली. पुस्तकाला तिने खाकी कव्हर घातलं होतं.

“आज तारीक हाय ना, बाई? म्हनून आले. पन निम्मंच आयकून झालंय. अजून पंधरा दिवस मिळंल काय?”

“मिळेल की,” आनंदीबाई घाईने म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाची मागणी नसली की मिळतं.”

“माझी आहे,” अध्यक्ष म्हणाले.

आनंदीबाईंनी अध्यक्षांचं कार्ड शोधून काढलं. ते कोरं होतं. त्यांनी शिक्का हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

हौसाचा चेहरा मात्र उजळला. कव्हर पदराने पुसून तिने पुस्तक दोन्ही हातांनी अध्यक्षांना दिलं.

“सावकाश वाचा, सायेब. माजी काय घाई नाय.”