देव्हाऱ्यामागची वायर

परळच्या टॉवरमधल्या सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिला नाही, तेव्हा दर्शनाने आपला हॅम रेडिओ, म्हणजे दूरवरच्या हौशी लोकांशी बोलायचा संच, शिवडीला आत्याच्या चाळीत नेला. वरच्या मजल्यावरची खोली, समोर मोकळी खाडी. परळला बसून लॅपटॉपवरून तो चालवायचा, असा बेत होता.

पण दोन रविवार हौशी रेडिओवाल्यांच्या हजेरीला रेडिओ बंदच निघाला. बाजारात जाताना आत्या मेन स्विच पाडून जायची. आणखी एक हजेरी चुकली, तर त्यांच्या आपत्कालीन पथकातून दर्शनाचं नाव जाणार होतं.

"आत्ये, मेन चालू ठेव ना."

"घरात कोण नाय, मग लाईट कोणासाठी जाळू गो?"

"मग देवाचा लाल दिवा कसा चालू असतो?"

"तो बंद करतात काय? त्याची वायर ह्यांनी मेनच्या आधी, थेट मीटरवरून वेगळी घेतलीय."

दर्शना उठून देव्हाऱ्यामागे गेली. वायर जाड आणि धडधाकट होती. दुसऱ्याच दिवशी वायरमनने रेडिओ आणि वायफाय तिच्यावर जोडून दिले.

"देवाची लाईन हा," आत्याने बजावलं. "तिच्यावरून शिव्या नाय द्यायच्या."

रविवारी आत्या मेन पाडून, कुलूप लावून बाजारात गेली. परळला दर्शनाने बटण दाबलं आणि शिवडीच्या बंद खोलीतला रेडिओ जागा झाला. हजेरी घेणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाने तिला पुकारलं.

"हजर," ती म्हणाली.

"आवाज खणखणीत येतोय."

तिने लगेच आत्याला फोन लावला. "आत्ये, लागला."

"लागणारच," मासळीवालीला थांबवत आत्या म्हणाली. "संध्याकाळी नारळ घेऊन ये. देवाची लाईन फुकट नाय."