भुंगीच्या कानातली चकाकी

घड्याळजींच्या हातून स्क्रू उडणं यात नवल काहीच नव्हतं. तिळाहून बारीक तो जिन्नस. चिमट्याची पकड जरा चुकली की टुणकन उडी मारतो आणि असा गुडूप होतो, की जणू कधी नव्हताच. अशा वेळी घड्याळजी जागचे हलत नसत. आधी मांडीवरचं फडकं अलगद उचलायचे, मग टेबलावरून लोहचुंबक फिरवायचे, आणि हे सगळं करताना त्या स्क्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण त्या दिवशी सकाळी स्क्रू उडाला तेव्हा मांडीवर भुंगी बसली होती. त्यामुळे उद्धार मनातल्या मनातच करावा लागला, आणि स्क्रू काही सापडला नाही.

भुंगी ही त्यांच्या लेकीची लेक. अजून तीन वर्षांचीही नव्हती. खेळताना सारखी गुणगुणत असते म्हणून घरात तिला भुंगी म्हणत. सर्दीने नाक वाहत होतं म्हणून पाळणाघराने तिला दारातूनच परत धाडलं होतं, आणि लेकीला पुस्तकबांधणीच्या कारखान्यात रजा मिळत नव्हती. तेव्हा पोर आली आजोबांच्या दुकानात. येताना लेकीने बजावलं होतं, "बाबा, तिला टेबलाजवळ फिरकू द्यायचं नाही. तुमचे ते बारीकसारीक जिन्नस तिच्या नाका-कानात गेले तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"अगं, मला काय अक्कल नाही?" असं घड्याळजी म्हणाले होते खरे. पण सर्दीने बेजार झालेलं पोर दोन्ही हात वर करून "आबा, घे" म्हणालं, की अक्कल कुठे टिकते!

दुपारपर्यंत भुंगीचं बिनसलं. जेवणाला हात लावेना. अंग कोमट लागू लागलं. कणकण म्हणावी एवढंच, पण डोळे मलूल झाले. मग ती उजवा कान चोळू लागली. चोळायची, रडायची, आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकायची आणि टेकलं की आणखी जोरात रडायची.

शेजारच्या गाळ्यात इस्त्रीवाली होती. रडणं ऐकून ती इस्त्री उभी करून आली. "दाढा येत असतील, भाऊ. दाढा आल्या की कान ठणकतो."

"कपाळ बघा, गरम आहे."

"मग वारं शिरलं असेल. नाहीतर आंघोळीचं पाणी. कोमट तेलाचे दोन थेंब सोडा, बघा कशी निजते!"

"वहिनी, मी जन्मभर तेल घालतोय," घड्याळजी म्हणाले. "जागा ठाऊक नसताना तेल सोडलं की सगळ्याचा चिखल होतो. मी नाही सोडणार."

"घड्याळात नाही हो, कानात!" इस्त्रीवाली हसून म्हणाली. "पोरीला चावी द्यायला निघाल तुम्ही एक दिवस!" आणि कपडा जळायच्या भीतीने पळाली.

ती गेली, आणि घड्याळजींना एकदम आठवलं. सकाळी उडालेला स्क्रू. मांडीवर बसलेली भुंगी. आणि आता कान.

त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. भुंगीला मांडीवर आडवी घेतली, डोळ्याला भिंग लावलं, टेबलावरचा दिवा खाली ओढला आणि उजव्या कानाची पाळी धरून आत पाहिलं. खोल, अंधारं, लालसर काहीतरी. चकाकी कुठेच नाही. जरा हायसं वाटलं. पण एका काट्यावर भरवसा ठेवणारा माणूस नव्हता तो. त्यांनी पोरीला कूस बदलायला लावली आणि डावा कान पाहिला.

तिथे, अगदी तळाशी, काहीतरी लखकन चमकलं.

घड्याळजी आणखी वाकले. दिवा हलवला, चकाकी हलली. पाळी सोडली, दिसेनाशी झाली. पुन्हा ताणली, पुन्हा हजर. पोलाद नाहीतर दुसरं काय असं चमकतं? पोर चोळत होती उजवा कान, पण लहान लेकराला कुठं कळतं नेमकं कुठं दुखतंय? स्क्रू डाव्याच कानात होता. संध्याकाळी लेक येईल. ती विचारील. आणि तोवर तो स्क्रू आत आत सरकत जाईल, कानाचा पडदा फाटेल, आणि हे पोर जन्मभर मान वळवून "काय?" म्हणत राहील. ते आपल्यामुळे.

टेबलावर त्यांचा सगळ्यात बारीक चिमटा होता. टोकं सुईसारखी. त्या चिमट्याने त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा उचलल्या होत्या. हात अजून कापत नव्हता. त्यांनी चिमटा पुसला आणि कानाशी नेला.

तेवढ्यात भुंगीने आवंढा गिळला. एवढंच. पण त्या आवंढ्याबरोबर तिचा गाल, कान, मान, सगळं किंचित हललं, आणि घड्याळजींचा हात हवेतच थांबला. ज्या उस्तादाकडे ते हे काम शिकले त्याने पहिल्याच दिवशी बोटावर टपली मारून सांगितलं होतं, की चालत्या घड्याळात चिमटा घालायचा नाही, आधी चक्र थांबवायचं. आणि हे चक्र? हे कसं थांबवणार? ते तर श्वास घेत होतं, हुंदके देत होतं, नाकाने फुर्रफुर्र करत होतं.

त्यांनी चिमटा लांब सारला, पोरीला उचललं, दुकानाला कुलूप ठोकलं आणि वाटेतच लेकीला फोन लावला.

"कान? कशानं झालं?" लेकीने विचारलं.

"तू आधी मुलांच्या दवाखान्यात ये. आलीस की सांगतो."

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

त्यांनी फोन बंद केला.

डॉक्टरबाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्याच होत्या. गळ्यात नळी, हातात दांड्याची छोटी बॅटरी, तिच्या तोंडाला काळं इवलंसं नरसाळं. त्यांनी आधी टेबलावरच्या एका बाहुलीचा कान तपासला, मग आजोबांचा तपासल्याचं नाटक केलं. भुंगी रडता रडता बघू लागली.

"कुठला कान दुखतो?"

"ती उजवा चोळते. पण गडबड डाव्यात आहे, डॉक्टरबाई. स्क्रू आहे. मी चमकताना बघितला."

"स्क्रू?"

"घड्याळाचा. माझ्या हातून उडाला." हे बोलताना घड्याळजी जमिनीकडे बघत होते.

डॉक्टरबाईंनी भुंगीला आजोबांच्या मांडीवर बसवलं, तिचं डोकं छातीशी धरायला सांगितलं आणि डाव्या कानात पाहिलं. घड्याळजींनी श्वास रोखला. बाई पाहतच राहिल्या. मग त्यांनी डोळा बाजूला घेतला आणि विचारलं, "तुम्हाला हे कशातून दिसलं?"

"भिंगातून. माझ्या कामाच्या."

"कमाल आहे तुमच्या नजरेची. इतक्या आतलं नुसत्या भिंगातून सहसा दिसत नाही. या, इथून बघा. तुमचा स्क्रू दाखवते."

घड्याळजींनी बॅटरीला डोळा लावला. बाईंनी त्यांचा हात धरून जरा खाली वळवला. आधी एक बोळ दिसली, गुलाबी, तिच्या भिंतीला सोनेरी मळाचे दोन कण. आणि बोळीच्या टोकाला उजेड भरलेली एक लहानशी खिडकी. खिडकीला काचेऐवजी पडदा, मोत्याच्या रंगाचा, इतका पातळ की त्याच्या मागचं काहीतरी दिसत होतं. एक काटा. घड्याळाच्या काट्यासारखा तिरका, पडद्याला आतून टेकलेला. आणि काट्याच्या टोकापासून खाली निघालेला प्रकाशाचा एक चिमुकला त्रिकोण.

"तो त्रिकोण आहे ना, तीच तुमची चकाकी," बाई म्हणाल्या. "पडदा स्वच्छ आणि नीट ताणलेला असला की दिव्याचा उजेड त्याच्यावर असा चमकतो. हा कान अगदी छान आहे, आजोबा. यात स्क्रूबिक्रू काही नाही."

"आणि तो काटा?"

"ते हाड आहे. हातोडीचं हाड म्हणतात त्याला."

घड्याळजींनी बॅटरी परत दिली आणि मग त्यांना दरदरून घाम फुटला. ज्याला आपण सुईसारखा चिमटा लावणार होतो तो हा पडदा होता. कांद्याच्या पापुद्र्याहून तलम. तो फाडून त्यांनी विजयाने चिमटा वर काढला असता, आणि चिमट्यात काहीच नसतं.

तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली. बोटांना अजून खळ लागलेली. "काय झालं? कशानं झालं?"

"मी तिला टेबलाशी घेतलं होतं," घड्याळजी म्हणाले. "स्क्रू उडाला. मला वाटलं कानात गेला. मी चिमटा..."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरबाई घाईने म्हणाल्या, "गेला नाही कुठे. बसा तुम्ही." आणि त्यांनी उजवा कान पाहिला. भुंगी किंचाळली. "हं. दुखणं इथलं आहे. आजोबा, हाही बघून घ्या, पटकन."

इथे खिडकी नव्हती. लाल, फुगलेलं, तापलेलं काहीतरी पुढे आलं होतं. काटा बुडाला होता. चकाकी विझली होती. म्हणजे चकाकत नव्हता तोच कान आजारी होता, आणि ते दुपारपासून उलटंच वाचत बसले होते.

"पण हे आलं कुठून?" लेकीने विचारलं. "मी टोपी घालते. आंघोळीत पाणी जाऊ देत नाही."

"बाहेरून नाही आलं, नाकाकडून आलं. नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक नळी असते. मोठ्यांची उतरती असते, लहानांची आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीनं ती सुजते, बंद होते, आत पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात. मग पडदा आतून फुगतो. म्हणून ठणका, म्हणून हलका ताप. आडवं झालं की जास्त ठणकतं."

"खांद्यावर डोकं टेकलं की रडत होती," घड्याळजी पुटपुटले.

"तेच ते. तरी कान चोळला म्हणजे दर वेळी हेच असतं असं नाही. दाढेची कळ कानात येते, घशाची येते, कधी नुसता मळ असतो. म्हणून आत बघावंच लागतं. घरात कुणी सिगारेट ओढतं?"

"नाही."

"झोपताना बाटली?"

लेकीने बोटांवरची खळ खरवडली. मग म्हणाली, "आडवी करूनच देते. तशीच निजते ती."

"बसवून देत जा. हळूहळू बाटली सोडवा." बाईंनी दुखण्याचं औषध भुंगीच्या वजनावरून मोजून सांगितलं. एवढ्यावर दोन दिवस बघू म्हणाल्या. पुष्कळदा आपोआप उतरतं. मात्र ताप चढला, कानातून पू आला, कानामागे सूज दिसली किंवा पोर निपचित पडली, तर त्याच क्षणी यायचं. "आणि कानात काही घालायचं नाही. तेल नाही, कापूस नाही," त्या घड्याळजींकडे बघून हसल्या, "चिमटा तर नाहीच."

लेकीचं लक्ष इतक्यात बापाच्या स्वेटरच्या बाहीकडे गेलं. लोकरीत काहीतरी लुकलुकत होतं. तिने नखाने ते उचललं. "हाच का तो? अहो बाबा, अंगाखांद्यावर खेळवता आणि गावभर शोधता! आता उद्या माझा चष्मा हरवला तर तुमच्या कानात शोधू का?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. घड्याळजी हसले नाहीत. स्क्रू त्यांनी खिशात टाकला, एकदाही न बघता. त्यांचं मन अजून त्या खिडकीपाशी होतं.

"डॉक्टरबाई, त्या हाडाच्या मागं काय असतं?"

"आणखी दोन. एकाला एक जोडलेली. पडदा हलला की पहिलं हलतं, ते दुसऱ्याला हलवतं, दुसरं तिसऱ्याला. तिसरं तर तांदळाच्या दाण्याहून लहान, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं."

"आणि ही मोठी झाल्यावर ते केवढं होतं?"

"तेवढंच राहतं. ही तिन्ही हाडं आईच्या पोटातच पुरी वाढतात. हात-पाय वाढतील, दात पडून नवे येतील, ती उंचीनं तुमच्या पुढं जाईल, पण ही हाडं आज आहेत तेवढीच. तुमच्या कानातली आणि हिच्या कानातली, दोन्ही एकाच मापाची."

घड्याळजी खुर्चीत नीट टेकून बसले. भुंगी औषधाच्या पहिल्या चमच्यानंतर त्यांच्या छातीशी उभीच पेंगत होती. तिची मूठ त्यांच्या अंगठ्याएवढी होती. तिचा बूट त्यांच्या तळहातात मावला असता. आणि या एवढ्याशा डोक्यात दोन बाजूंना दोन यंत्रं, पुऱ्या मापाची, कुणी न बसवलेली, ती पहिलं रडणं रडली तेव्हाही चालू असलेली.

"त्याला तेल कोण घालतं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"बाबा!" लेक म्हणाली.

"विचारू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणीच घालत नाही, आजोबा. आतलं अस्तरच ओलसर असतं. साफसूफ त्याचं तेच करतं."

दुसऱ्या रात्री ताप उतरला. भुंगी अंगावर पाणी उडवण्याइतकी बरी झाली, आणि काही दिवसांनी तिघं परत कान दाखवायला गेले. लेक म्हणाली होती, "तुम्ही कशाला येताय?" आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत घड्याळजींनी पायात चपला सरकवल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी उजव्या कानात पाहिलं, मान डोलावली आणि बॅटरी घड्याळजींच्या हातात दिली.

लाली ओसरली होती. पडदा अजून मळकट पिवळट होता, पण पुन्हा आरपार दिसू लागला होता. काटा परत आला होता. आणि पडद्याच्या मागे, राहिलेल्या पाण्यात, बुडबुडे होते. तीन-चार, सुईच्या टोकाएवढे, गोल, स्वच्छ.

"नळी उघडली म्हणून हवा आत आली," बाई सांगत होत्या. "राहिलेलं पाणी आटायला काही आठवडे लागतील. तोवर त्या बाजूनं जरा कमी ऐकू येईल, घाबरू नका. मग सगळं पूर्ववत."

घड्याळजींनी ऐकलं की नाही कोण जाणे. भुंगीने आवंढा गिळला, आणि त्यांच्या डोळ्यादेखत एक बुडबुडा सावकाश वर सरकला आणि काट्याला जाऊन टेकला.

"बाबा, आता मला बघू द्या," लेक म्हणाली.

ते हलले नाहीत.

"बाबा, लेक माझी आहे!"

"थांब गं जरा," घड्याळजी हळूच म्हणाले. "चालू आहे."