लालीबाईची माती

लालीबाई गेली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि तिनं कापूस वेचणीच्या बायांना ओळी वाटून दिल्या होत्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसली, पाणी प्याली आणि देवसिंगला म्हणाली, "भिया, छाती दाटून आल्यासारखी वाटते." त्यानं ऑटो बोलावला. ढाणकीच्या वाटेवर ती एकदाच बोलली, "वर्षाले फोन नको करजो, ती ड्युटीवर असन." दवाखान्याच्या फाटकाशी तिची मान भावाच्या खांद्यावर पडली, ती परत उचलली गेली नाही. डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि घरी न्यायला सांगितलं.

देवसिंग राठोड बासष्ट वर्षांचा. दहा एकराचा धनी, कमी बोलणारा, बंजारा तांड्यात वजन असलेला माणूस. लालीबाई त्याची धाकटी बहीण. त्याची बायको वर्षाच्या बाळंतपणात गेली, तेव्हा थोरला बादल तीन वर्षांचा होता आणि लाली एकवीस. तेव्हापासून त्या घरात दिवा लालीनं लावला, भाकर लालीनं थापली. बादल पुण्याला कंपनीत लागला, वर्षा यवतमाळात नर्स झाली. दोन्ही लेकरं लालीला याडी म्हणत, म्हणजे आई. त्यांना दुसरी आई ठाऊकच नव्हती.

ओसरीवर लालीला निजवलं आणि बाया जमल्या. देवसिंगनं दोन्ही लेकरांना फोन केले. वर्षा लगेच निघाली. बादल पलीकडून बराच वेळ नुसता रडत राहिला, मग म्हणाला, "मी कितीही पळालो तरी मध्यरात्र होईन, बापू. थांबू नका." फोन ठेवून देवसिंग उठला, तो गोठ्यामागं. तिथं दोन वर्षांपूर्वी पाडलेल्या बाभळीची लाकडं होती. दोन गड्यांना घेऊन तो ती बैलगाडीत भरू लागला. हात चालू राहिले की डोकं चालत नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

तांड्याचे प्रमुख, नायक शंकरसिंग काठी टेकत आले. गाडीकडे पाहत उभे राहिले.

"देवसिंग, लाकडं कायले भरून राह्यला?"

"जाळाले लागन नाही का, नायक?"

म्हाताऱ्यानं गड्यांना जरा बाजूला जायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "लाली कुंवारी होती, बावा."

देवसिंगच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. तांड्याची रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही. लग्न झालेल्याला अग्नी, कुंवाऱ्याला माती. नाल्याकाठी तांड्याची न्हानी लेकरं पुरलेली होती, त्यातलं एक त्याच्या चुलतभावाचं होतं, तो स्वतः खड्डा खणायला गेला होता. रीत त्याला पाठ होती. तो विसरला होता ते लालीचं कुंवारपण. घराच्या किल्ल्या जिच्या कमरेला, लेकरं जिला याडी म्हणतात, बियाणं कोणतं घ्यायचं हे जिला विचारून ठरतं, ती बाई कुंवारी आहे हे त्याच्या मनातून केव्हाच निघून गेलं होतं. आणि ते निघून जावं असं त्यालाच वाटत होतं.

"चोपन्न वर्षांच्या बाईले लेकरांच्या खड्ड्यात घालू काय?" तो म्हणाला.

"मी तसं म्हणलो नाही. रीत सांगतली. पुरायची असन तर जागा पाहा, खड्डा खणाले माणसं पाठव. जाळायची असन तर तसं सांग. तांडा काही बोलणार नाही, मी पाहतो. पण घरचा माणूस तू हाय. तूच ठरव."

देवसिंग गाडीच्या जुवावर टेकला. ठरवायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण ठरवणारं मन त्याचं नव्हतं, त्याच्या जुन्या खोटेपणाचं होतं.

लालीला एक सोयरीक आली होती. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या तांड्यातला रामधन चव्हाण, राजूरच्या कोळसा खाणीत नोकरी, सरळ पोरगा. त्यानं लालीला तीजेच्या सणातल्या नाचात पाहिलं होतं आणि आपल्या मामाला मध्ये घालून विचारणं केलं होतं. देवसिंगच्या मांडीवर तेव्हा अकरा महिन्यांची वर्षा होती आणि बादल तापानं फणफणला होता. त्यानं मामाला सांगितलं, "पोरगीच नाही म्हणते. खाणीतला माणूस नको म्हणते." घरात येऊन लालीला सांगितलं, "त्याईनं दुसरीकडे जमवलं." लाली चुलीपुढं होती. तिनं "बरं" म्हटलं आणि दूध उतू जाईल म्हणून भांडं उतरवलं. लेकरं चालायला लागली की पाहू, असं तेव्हा त्यानं स्वतःला समजावलं. मग लेकरं शाळेत गेली की पाहू. मग कोणी विचारायला आलंच नाही, आणि त्यानंही कोणाला विचारलं नाही.

"अग्नी देऊ," तो उठून म्हणाला. "सवाशिणीसारखी नेऊ. लाल लुगडं, चुडा, सगळं. कोणी म्हणता कामा नये का तिले काही कमी पडलं."

शंकरसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. "तिच्यासाठी करतो का लोकांसाठी?"

देवसिंगनं खिशातले पैसे मोजले. सामान आणायला दुसरा कोणी जातो म्हणाला, तर त्यानं ऐकलं नाही. शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन तो स्वतः ढाणकीला गेला.

कापडाच्या दुकानात त्यानं लाल लुगडी काढायला लावली. दुकानदारानं चार-पाच पसरून ठेवली, काठ दाखवले, पदर दाखवले आणि विचारलं, "बाईंना कोणता काठ आवडते, दादा?" देवसिंग त्या लुगड्यांकडे पाहत राहिला. तेहतीस वर्षं दिवाळीला तो लालीसाठी लुगडं आणत होता. दरवर्षी ती "चांगलं हाय" म्हणायची. तिला आवडतं ते कोणतं, हे त्याला सांगता येईना. त्यानं सगळ्यात वरचं उचललं.

तिथून तो पुष्पाच्या दुकानात गेला. पुष्पा कासारीण, बाजाराच्या तोंडाशी तिचं बांगड्यांचं जुनं दुकान. लालीची आणि तिची मैत्री होती एवढं देवसिंगला माहीत होतं. बाजाराच्या दिवशी घरी परतायच्या आधी लाली घटकाभर तिच्याजवळ बसायची.

"हिरवा चुडा द्या, पुष्पाताई. दोन्ही हात भरून."

"कोणाचं लग्न हाय, भाऊ?"

"लग्न नाही. लाली गेली सकाळी."

पुष्पानं हातातला बांगड्यांचा जुडगा खाली ठेवला. ती स्टुलावर बसली, पदर तोंडाला लावला. गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं हातानंच उद्या ये म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं, "मंग चुडा कोणाले?"

"तिलेच. सवाशीण करून अग्नी देतो."

"नाही देत मी चुडा."

देवसिंगला वाटलं, ती रडण्याच्या भरात बोलते आहे. "ताई, वेळ नाही मले."

"मले बी नाही. पण हे तुमाले आज नाही सांगतलं तर मंग कवा सांगू." पुष्पानं डोळे पुसले. "वर्षा दुसरीत-तिसरीत असन तवा. बाजार होता. रामधन चव्हाण बायको-पोराले घेऊन इथंच बांगड्या भराले आला. लाली तुमच्या वर्षासाठी बांगड्या पाहून राह्यली होती. त्यानं ओळखलं. बायको बांगड्या भरत होती, तर हा लालीले म्हणे, तुमी काहून नाही म्हणलं होतं? खाण काही वाईट नाही, मी आताही तिथंच हाय."

देवसिंगनं काउंटरची काच धरली.

"लाली काही बोलली नाही त्याले. हासली नुसती. तो गेला तं इथं बसली, या पाटावर. दिवेलागणीपर्यंत बसली. मी विचारलं तं म्हणे, माह्या भावानं खोटं सांगतलं, पुष्पा. दोघाईलेही."

"तिले माहीत होतं?"

"पंचवीस वर्षं झाली."

"मले कवा बोलली नाही."

"बोलणार नव्हतीच. मी म्हणलं, जाऊन इचार त्याले. तं म्हणे, इचारलं तं तो मान वर करून पाहू शकन का माह्याकडे? आणि घर तं एकच हाय. त्याच घरात राहायचं हाय. मागच्या हिवाळ्यात तिले ताप आलता, तवा एक गोष्ट बोलली. म्हणे, मी मेली तं मले पुरजा म्हणा. आमच्यात कुंवारीले पुरते. मी कुंवारी राह्यली ते खरं हाय, ते लपवाले चुडा नका भरू. जित्तेपणी नाही भरला तं आता कायले. रोजचंच लुगडं नेसवजा, धुतलेलं."

देवसिंग दुकानातून बाहेर पडला. त्यानं लाल लुगड्याची पिशवी कापडवाल्याला परत नेऊन दिली, पैसे मागितले नाहीत. पुष्पा दुकानाचं शटर ओढून त्याच्या मागं मोटारसायकलवर बसली.

तांड्यात वर्षा पोचली होती. लालीच्या उशाशी बसली होती, दवाखान्याचाच पोशाख अंगावर. बापाला पाहताच म्हणाली, "बापू, बाया पुरायचं म्हणतात. माझी याडी होती ती. अग्नी मी देईन. पोरीनं दिला तर काय होते?"

"थोडी बाहेर ये," देवसिंग म्हणाला.

गोठ्यामागं, अर्धवट भरलेल्या गाडीजवळ, त्यानं तिला सगळं सांगितलं. रामधनचं, मामाला काय सांगितलं ते, लालीला काय सांगितलं ते, आणि आत्ता पुष्पाकडून काय कळलं ते. काही वगळलं नाही. सांगताना तो बैलाच्या दाव्याकडे पाहत होता. वर्षानं मध्ये एकदाच विचारलं, "मी किती महिन्याची होते तेव्हा?"

"अकरा."

तिनं तोंड फिरवलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "तिनं पुरा म्हटलं ना, मग पुरू. पण त्या लेकरांजवळ नाही. जागा मी सांगन."

ती पुढं चालली, देवसिंग मागून. शेताच्या वरच्या अंगाला, जिथून डांबरी रस्ता दिसतो, तिथं एक मोहाचं झाड होतं. वर्षा त्याच्या उगवतीच्या बाजूला थांबली. "शनिवारी मी होस्टेलवरून यायची तेव्हा ती इथं बसून गाडी पाहायची. इथं खणा."

देवसिंगनं डोमाजीला बोलावलं. डोमाजी त्याच्याकडे सालानं कामाला होता, काळी जमीन कुठं भुसभुशीत आणि कुठं दगडाची हे त्याला हातानं कळायचं. त्यानं लोखंडी सबलीनं दोन ठिकाणी टोचून पाहिलं आणि दोरी धरून आखणी केली. खड्डा छातीइतका खोल हवा, नाहीतर रानडुकरं उकरतात, असं तो म्हणाला. मीठ किती लागेल, खाली काय अंथरायचं, तिरडी रस्त्यानं आणायची की धुऱ्यानं, एकेक गोष्ट विचारली जाऊ लागली. प्रत्येक वेळी देवसिंग वर्षाकडे पाहायचा आणि वर्षा सांगायची. रस्त्यानं नको, धुऱ्यानं. खाली तुरीचा ताजा पाला. मीठ एक पोतं.

पुष्पानं आणि वर्षानं लालीला न्हाऊ घातलं. तिचं निळं ठिपक्याचं लुगडं दोरीवर वाळत होतं, तेच नेसवलं. निळा रंग तिला आवडत होता की नाही, हे पुष्पाला विचारावं असं देवसिंगला वाटलं, पण त्यानं विचारलं नाही. विचारायचा हक्क आता उरला नाही असं त्याला वाटलं.

चार वाजता तिला नेलं. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेची ओटी सोडून धुऱ्यावर उभ्या होत्या. खड्ड्यात उतरवल्यावर शंकरसिंगनं पहिली माती द्यायला देवसिंगला खूण केली. तो पुढं झाला, वाकला, मूठ भरली आणि तशीच धरून राहिला. मग ती मूठ त्यानं वर्षासमोर केली. वर्षानं त्याच्या हातातली माती घेतली नाही. ती खाली बसली, स्वतःची ओंजळ भरली आणि टाकली. त्यानंतर देवसिंगनं टाकली. तोंडातल्या तोंडात तो काहीतरी बोलला. जवळ उभ्या असलेल्या डोमाजीला वाटलं, तो "माफ कर" म्हणाला. पण खात्री नाही, फावडी चालू झाली होती.

बादल मध्यरात्री आला, दुसऱ्या दिवशी मातीवर डोकं ठेवून आला. पुरायचं कसं काय ठरलं, असं त्यानं विचारलं तेव्हा देवसिंगनं रीत सांगितली. बाकीचं सांगायला तोंड उघडलं, पण ओसरीत वर्षा होती, तिनं बापाकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. तिसऱ्या दिवशी बादल पुण्याला गेला. चौथ्या दिवशी वर्षा निघाली. देवसिंग तिची पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत गेला.

"काही बोल," तो म्हणाला.

"काय बोलू, बापू? इतकी वर्षं वाटे, याडीनं आपल्या मर्जीनं आमाले वाढवलं. लोकांना अभिमानानं सांगत होती मी. आता तिची मर्जी कोणी विचारलीच नाही असं समजलं. मी तिची लेक व्हावी म्हणून तिले कोणाची बायको होऊ दिलं नाही तुमी. याच्यात माझा दोष नाही, मले समजते. तरी जेवण उतरत नाही."

"तेरवीले येशील?"

"येईन. तिच्यासाठी येईन." गाडी आली. चढताना तिनं वळून सांगितलं, "बादलले तुमीच सांगजा. पुढच्या वेळी तो आला का. मी नाही सांगणार."

गाडी वळणाआड गेली तरी देवसिंग उभा राहिला. घरी जायच्याऐवजी तो वरच्या शेताकडे वळला. रात्री रानडुकरं आली होती, मातीच्या कडेला खुरांच्या खुणा होत्या. त्यानं डोमाजीला हाक मारली नाही. बाभळीचे काटे तोडून आणले आणि एकेक काटा रोवत, हाताला लागेल तसं लागू देत, त्यानं लालीच्या मातीभोवती कुंपण घालायला घेतलं. संध्याकाळपर्यंत तीन बाजू झाल्या. चौथी त्यानं दुसऱ्या दिवशी केली.