दाब

त्या घरातले, गळाला लावायचे रबरी मासे इतके हुबेहूब व्हायचे, की तळ्यातले खरे मासे त्यांच्यासाठी आपल्या पोरींची स्थळं घेऊन यायचे. खोटं वाटत असेल तर तळ्याला विचारा. शेजारच्या बोक्यानं एकदा खिडकीतून एक मासा पळवला, दिवसभर चावला, आणि फसवणुकीचा अपमान इतका जिवाला लावून घेतला की पुढं त्यानं दुधालाही तोंड लावताना आधी पंजानं ढोसून बघितलं.

हे मासे बनवायच्या दोघी. वहिनी आणि तिची थोरली नणंद, वन्सं. ज्या माणसापायी या दोघींचं नातं जुळलं, तो केव्हाच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसला होता. हयात होता तेव्हा दिवसभर गळ टाकायचा आणि घरी येऊन थापा मारायचा. मासे कमी, थापा भरपूर. मागं राहिला त्याचा साचा, दोन जाड पिचकाऱ्या आणि कधीही एकमेकींशी न पटलेल्या या दोन बायका.

वन्संनी लग्न केलं नव्हतं. भाऊ होता तोवर घर भावाचं होतं. तो गेला आणि एका दिवसात ते वहिनीचं झालं. वहिनी तसं कधी बोलली नाही, पण वन्संना ते उंबऱ्यातून आत येताना रोज ऐकू यायचं. मग एके दुपारी वहिनीनं साचा माळ्यावरून काढला, आणि त्या कामाला माणसं दोन लागतात असं निघालं. वन्संचा जीव भांड्यात पडला.

काम असं. दुधासारखं द्रव प्लास्टिक तापवलं की मधासारखं नितळ होतं. एका भांड्यात हिरवा रंग नि चिमूटभर चमकी, ती माशाची पाठ. दुसऱ्यात पांढरा, ते पोट. दोन रंग दोन पिचकाऱ्यांत ओढायचे, दोन्हींची तोंडं एका जोडनळीत बसवायची आणि दोघींनी एकदम, सारख्याच जोरानं साच्यात दाबायचं. जोर सारखा असला तर माशाच्या कुशीवर दोन रंगांमधली रेघ सरळ येते. एकीचा कमी पडला की रेघ तिच्या बाजूला कलते. लपवायची सोय नाही.

पहिल्या दिवशी वहिनी घरच्या रीतीनं म्हणाली, "वन्सं, आता तुम्ही जरा दाबता का?" वाक्य संपेपर्यंत प्लास्टिक पिचकारीतच थिजलं. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "दाबा!" तेवढ्यातही शेपूट हुकली. तिसऱ्या खेपेला ओरडली, "दाब!" आणि असा मासा निघाला की फोटोतला माणूससुद्धा पुढं वाकून बघायला लागला. इतक्या वर्षांचं 'तुम्ही' त्या भांड्यात वितळलं ते वितळलंच. दोघी अगंतुगंवर आल्या, आणि एकदा अगंतुगं आल्यावर टोमण्यांना काय तोटा?

"नीट धर की गं," वहिनी म्हणायची. "हात आहे का पळी?"

"तुझ्या तोंडापुढं पळी बरी. निदान गप्प तरी असते."

"सासर असतं तर कळलं असतं तुला!"

"सासर असतं तर तुझं थोबाड कशाला बघत बसले असते?"

वन्संना आयुष्यात इतकं सुख कधी मिळालं नव्हतं.

आणि मग त्यांचा उजवा हात रुसला. आधी बरणीचं झाकण फिरेना. मग एका सकाळी चहाचा कप बोटांतून असा निसटला, जसं काही बोटं तिथं नव्हतीच. वन्संनी हात शालीत लपवला आणि घाबऱ्याघुबऱ्या रेघ बघायला लागल्या. रेघ सरळ होती. दुसऱ्या दिवशीही सरळ. हात काही म्हणो, त्यांनी मनाला समजावलं, रेघ तर खोटं बोलत नाही ना!

गळाच्या दुकानाचा मालक माल न्यायला आला. त्यानं एक मासा शेपटीला धरून उजेडात लोंबवला.

"रेघ झकास, काकू. पण शेपट्या खुडल्यासारख्या का आल्यात? शेपटी हलली तर मासा तोंड उघडणार. रेघ बघायला तो काय चष्मा लावून येतो?"

"साचा गार असेल," वहिनी म्हणाली. जरा जास्तच लगबगीनं म्हणाली.

वन्सं चपापल्या. प्लास्टिक सावकाश आत गेलं तरच शेपटीपर्यंत पोचायच्या आत थिजतं. म्हणजे दाब हळू पडतोय. आणि रेघ सरळ, म्हणजे दोघींचा हळू पडतोय. आपला का, ते त्यांना ठाऊक होतं. हिचा का?

दुकानदार गेल्यावर त्यांनी पुढचा साचा लावला. पिचकाऱ्या बसवल्या. वहिनी म्हणाली, "दाब!"

वन्संनी जरासं दाबलं आणि थांबल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात, तर वहिनीचा अंगठाही थांबलेला. दोघी साच्यावर वाकून उभ्या, एकाच कुलपाशी गाठ पडलेल्या दोन चोरट्यांसारख्या.

"दाब म्हटलं ना!"

"तू दाब की."

"मी दाबतेच आहे."

"खोटारडी! माझ्या भावाची बायको शोभतेस."

साचा उघडला. आत नुसतं डोकं निघालं. हिरवं टाळकं, पांढरा गळा, आणि मानेपर्यंत अगदी सरळ रेघ.

"कधीपासून?" वन्संनी विचारलं.

"कप फुटला त्याच्या आधीपासून." वहिनी ते डोकं बोटांत फिरवत राहिली. "म्हटलं, तुझ्या बरोबरीनं थोडं हळूच दाबावं. कुठं कळतंय."

वन्संनी पिचकारी खाली ठेवली. त्या दिवशी पुढं काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वन्सं खोलीत आल्या तेव्हा टेबलावर एकच पिचकारी होती. दुसरी धुऊन, पुसून फळीवर ठेवलेली. भांडंही एकच, हिरवं. खिडकीशी खुर्ची मांडलेली, तिच्यावर उशीसुद्धा.

"या वन्सं," वहिनी हळुवारपणे म्हणाली. "तुम्ही बसा इथं. एकरंगी मासेही चालतात म्हणाला दुकानदार. मी करते सगळं."

तुम्ही.

वन्सं बसल्या नाहीत. टेबलाशी गेल्या आणि चमकीची बरणी मुद्दाम कोपरानं ढकलली. फरशी, चपला, वहिनीचे केस, सगळं चमचमलं. वन्संनी तिच्या तोंडाकडं बघत वाट पाहिली. पळी म्हण. आंधळी म्हण. काहीतरी म्हण गं.

"असू द्या हं," वहिनी म्हणाली आणि गुडघे टेकून चमकी गोळा करायला लागली. "लागलं नाही ना तुम्हाला?"

मग मात्र वन्सं खुर्चीत बसल्या.

वहिनीनं एकटीनं पिचकारी भरली, साच्याला लावली, आणि इतक्या दिवसांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "दाब—" ती थबकली. मग म्हणाली, "दाबते मी."

शालीखाली वन्संचा अंगठा आपोआप दाबला गेला. किती जोर लागला ते कळायला आता रेघच नव्हती.