लाळेचा रिपोर्ट

खुशी तोंड उघडत नव्हती. पाच दिवसांच्या गोळ्यांनी गालाची सूज उतरली होती, तरी ओढणीने तोंड झाकून ती दातांच्या खुर्चीत ताठ बसली होती. शुभदाताईंनी दोनदा समजावून पाहिलं.

दारव्ह्यातल्या त्या धर्मादाय दवाखान्यात शुभदाताई एकोणीस वर्षं दातांच्या डॉक्टरांच्या मदतनीस होत्या. हत्यारं उकळायची, पेशंटचं डोकं धरायचं, शाळाशाळांत जाऊन दात कसे घासायचे ते सांगायचं. दोन वर्षांपूर्वी बोरी अरबकडच्या खुशीच्या शाळेत बाहेरून संशोधक आले होते. आठवीच्या मुलांची लाळ त्यांनी छोट्या बाटल्यांत घेतली. कोणाच्या तोंडात दात किडवणारे जंतू जास्त, कोणाला पुढे धोका, हे त्यांना पाहायचं होतं. चार महिन्यांनी रिपोर्ट दवाखान्यात आला. खुशीचं नाव सगळ्यांत वर होतं.

कोणी सांगितलं नव्हतं, तरी सुटीच्या दिवशी शुभदाताई जीपने तिच्या घरी गेल्या. खालच्या दोन दाढांवर तेव्हा नुसते काळे ठिपके होते. आत्ता भरल्या तर जन्मभर टिकतील, असं त्यांनी खुशीच्या आईला, विमलताईंना सांगितलं. विमलताईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. कापूस वेचणीचे दिवस होते. मायलेकी आल्या त्या होळीनंतर, आणि तोवर दवाखान्यातले डॉक्टर सोडून गेले होते. वर्षभर दुसरे मिळालेच नाहीत. यवतमाळला एकदा जाऊन आल्या, तर पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. त्या दिवशी खुशीची परीक्षा निघाली. पुढे दुखायचं, थांबायचं. लवंग दाबून ती शाळेत जायची. तोंडाच्या वासामुळे बाकावरच्या मुली सरकून बसू लागल्या, तेव्हा परिपाठात बातम्या वाचायचं काम दुसऱ्या कोणाला द्या, असं तिने स्वतःच सरांना सांगितलं.

आता नवे डॉक्टर फक्त गुरुवारी येत. त्यांनी एक्स-रे पाहिला. दोन्ही दाढा मुळापर्यंत गेल्या होत्या. शहरात चार-पाच खेपा घातल्या तर कदाचित वाचतील, असं ते म्हणाले. विमलताईंनी नकारार्थी मान हलवली. खुशीचे बाबा काढूनच टाका म्हणत होते. आज एक, पुढच्या गुरुवारी दुसरी, असं ठरलं.

"मॅडम," खुशी ओढणीआडून म्हणाली, "ही काढली तं दुसरी येते ना?"

शुभदाताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. ते इंजेक्शन भरत होते.

"नाही बाळा. ही पक्की दाढ आहे."

खुशीने स्वतःच ओढणी काढली आणि तोंड उघडलं.

दाढ तुटली, तीन तुकड्यांत निघाली. खुशीच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळून शुभदाताईंचे हातमोजे भिजले.

बाहेर आल्यावर त्यांनी विमलताईंना समजावून सांगितलं : कापूस तासभर दाबून ठेवू द्या, आज चूळ भरायची नाही, मग मऊ, गार काहीतरी द्या. विमलताईंचे स्वतःचे पुढचे दात केव्हाच गेले होते. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही घरी आल्या तवा सांगतलं होतं, मायच्या तोंडातले जंतू लेकराले लागते म्हणून. लहानपणी मी इले भाकर चावून चारत होती. वावरात दुसरं काय देनार? माह्यामुळंच झालं का हे?"

शाळेशाळेत शुभदाताई हेच सांगत आल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "तसं काही नसतं."

विमलताईंना ते पटलं नाही. पण त्यांनी मान डोलावली.

तासाभराने शुभदाताई हात धुऊन फाटकाशी आल्या, तेव्हा मायलेकी अजून जीप भरायची वाट पाहत बसल्या होत्या. विमलताईंनी केळं सोललं, जुन्या सवयीने आधी आपल्या तोंडाशी नेलं आणि थांबल्या. मग सालीवरच ते बोटांनी कुस्करून त्यांनी लेकीपुढे धरलं.

खुशी दुसरीकडे बघत होती. विमलताईंचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला.