ओल्या वाळूचा गोळा

उंटगाड्यांच्या अड्ड्यावर अण्णांच्या नाकाचा दरारा असा, की त्यांच्यासमोर नुसतं शिंकायचं झालं तरी माणूस चार हात लांब जायचा. रीतच होती तिथली. उंट मुतला की ओली वाळू मुठीत दाबून तिचा गोळा करायचा, फडक्यात बांधायचा आणि जरा मुरला की अण्णांच्या नाकाशी धरायचा. अण्णा डोळे मिटून लांब श्वास ओढायचे आणि निकाल द्यायचे. 'सर्रा आहे' म्हणाले, म्हणजे चावऱ्या माशीने रक्तात ताप सोडलाय, आजच्या आज सुई टोचा. 'स्वच्छ आहे' म्हणाले, की जा, गाडी जुंपा. सर्र्याचा वास गोडसर असतो म्हणे. इतरांना तो यायचा की नाही देव जाणे, पण अण्णांच्या आधी तोंड उघडायची कुणाची छाती होती?

तर असं हे नाक गेल्या थंडीत गेलं. साध्या सर्दीतापाने अण्णा आडवे झाले, बरे होऊन उठले, पण वास काही परत आला नाही. बायकोला कळलं ते दुधामुळे. दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला, शेजारीण नाकाला पदर लावून धावत आली, आणि अण्णा आपले शेगडीशेजारी बसून दोरी वळतायत!

"सांगून टाका की लोकांना," बायको म्हणाली. "म्हातारपणी डोळे जातात, कान जातात. नाक गेलं तर काय आभाळ कोसळलं?"

अण्णांनी तिचं मनगट धरून असं पिरगळलं, की ती मटकन खाली बसली. "तोंड उघडलंस तर याद राख."

तिने नाही उघडलं. आणि अण्णांचं दुकान सुरूच राहिलं. तसे ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गोळा नाकाशी धरायचा आणि पापण्यांच्या फटीतून उंट बघून घ्यायचा. डोळ्याला पाणी आहे का, शेपटीचे केस झडलेत का, कुबड बसलंय का. उंट समोर असला की अण्णा चुकायचे नाहीत. पण उंट समोर असला तरच!

लेक आली ती नुसता गोळा घेऊन. तिचं सासर लांब, पाणथळीच्या अंगाला. बरोबर जावईही होता. त्यांच्याकडे एकच सांडणी, म्हणजे उंटीण, तीही गाभण. तिच्या दुधावर आणि गाडीवर सगळं घर. घरात माणसांपेक्षा तिचीच बडदास्त जास्त.

"अण्णा, चार घास खाते आणि मान टाकते," लेक म्हणाली. "डॉक्टर म्हणतात रक्त काढून बघू. मी म्हटलं, आधी माझ्या बापाला विचारते."

 अण्णांनी फडकं सोडलं, वाळू हुंगली. भिंत हुंगली असती तरी तेवढंच कळलं असतं.

"ताप चढतो-उतरतो का? शेपटी कशी आहे?"

जावई गालात हसला. "मामा, असले प्रश्न तर डॉक्टरही विचारतो. आम्ही तुमच्या नाकासाठी पायपीट केली."

भोवती गाडीवाले उभे. सगळ्यांचे डोळे अण्णांवर. त्या क्षणी 'पोरी, डॉक्टरला रक्त घेऊ दे' एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. लेकीपेक्षा नाक प्यारं झालं म्हाताऱ्याला, दुसरं काय!

"स्वच्छ आहे," अण्णा ठणकावून म्हणाले. "नखरे आहेत तिचे. लाडावून ठेवलीत तुम्ही. उठत नसेल तर दोन रट्टे घाला आणि गाडीला जुंपा, आपोआप खाईल. आणि त्या डॉक्टरला म्हणावं, सुया स्वतःला टोचून घे."

गाडीवाले खो खो हसले. लेकही हसली. बापाचा तिला केवढा अभिमान! जाताना ती अण्णांच्या पाया पडली. अड्ड्याला लागूनच असलेल्या घरात बायको भांडी घासत होती, ती बाहेरसुद्धा आली नाही.

पुढे बरेच दिवस काही खबर नाही. अण्णांनी स्वतःची समजूत घातली, की बरीच असेल, नसती तर आली असती बोंबलत. जेवण मात्र पहिल्यासारखं जाईना.

मग एका सकाळी अड्डा भरलेला असताना लेक आली. मागे जावई. दारातच त्याने बिडी विझवली आणि चपलेखाली चिरडली. अण्णांना वाटलं, चला, जावयाला सासऱ्याची अदब कळायला लागली.

"कशी आहे गं सांडणी?"

"आधी हे बघा." तिने फडक्यातला गोळा पुढे केला. "तुम्हीच सांगा."

अण्णांनी चेहरा वाचायचा प्रयत्न केला. काही पत्ता लागेना. पण मागे स्वच्छ म्हटलंय, आज सर्रा कसं म्हणणार? त्यांनी डोळे मिटले आणि गोळा पार नाकाला टेकवून लांब श्वास ओढला. शेजारचा गाडीवाला खोकत दोन पावलं मागे सरला. दुसऱ्याने उपरणं नाकाशी धरलं. पलीकडे बांधलेला उंटसुद्धा मान फिरवून फुरफुरला. अण्णा पुन्हा हुंगले, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

"स्वच्छ," ते म्हणाले. "मागच्यासारखंच."

 लेकीने गोळा त्यांच्या हातातून घेतला, जमिनीवर ठेवला आणि काडी ओढली. वाळू भक्कन पेटली.

"रॉकेल आहे, अण्णा," ती म्हणाली. "रॉकेल."

अण्णांच्या नाकाच्या शेंड्यावर ओली वाळू चिकटलेली. ती पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"गाडीखालीच गाभडली ती. पिल्लू मेलेलंच पडलं. मग तिने मान टाकली ती टाकलीच. डॉक्टर म्हणाले, सर्रा, आधी आणली असती तर वाचली असती." तिचा आवाज चढत गेला. "उठत नव्हती ती! तुमच्या शब्दावर मी तिला काठीने मारलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या, आणि मी म्हणत होते, नखरे करतेस, नखरे करतेस?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. रांगेतल्या एकाने हातातला गोळा हळूच टाकून दिला आणि उंटाची दोरी सोडायला लागला.

"सर्दी झालीय गं मला," अण्णा म्हणाले. "कालपासून जरा..."

"गेल्या थंडीपासून," दारातून बायको म्हणाली.

लेकीने आईकडे पाहिलं.  म्हणजे हिलाही माहीत होतं. मग आईने पदर सारून मनगट तिच्यापुढे धरलं. ते अजून नीट सरळ होत नव्हतं.

लेक पाया न पडता निघून गेली. त्यानंतर ती माहेरी एकदाच आली, आईला घेऊन जायला.